कोपऱ्यातल्या दोन बॅटऱ्या

आप्पा,

परवा एक गाडी दुकानात आली आणि बॉनेट उघडताच तोच वास आला. सडक्या अंड्यासारखा, घशाशी बसणारा. बॅटरी आतून उकळायला लागली की येतो तो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, या धंद्यात तो वास मला नवा नाही, तरी अजून माझा हात आधी स्वतःच्या डोळ्यांवर जातो आणि मग मीटरकडं. गाडीवाल्याला वाटलं मला चक्कर आली. "ताई, पाणी देऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, नको, गाडी चालू करा.

दुकान तिथंच आहे, केजच्या स्टँडमागच्या गल्लीत. वरचे पत्रे बदलले, बोर्डावर 'बॅटरी चार्जिंग'च्या खाली आता 'स्कॅनिंग' असंही लिहिलंय. बॅटऱ्या मांडायची तुमची लाकडी फळी मात्र तीच. ॲसिडनं खाऊन तिला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत, पण मोडत नाही. आई माझ्याजवळच असते. तिचा जो एक डोळा राहिला होता त्याच्यावरही आता साय आलीय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करू, ती म्हणते थंडी सरू द्या. आणि गेले कितीतरी दिवस तिनं एकच धोशा लावलाय, मला दुकानात ने. बॅटऱ्यांना पाणी घालते, म्हणते. मी म्हटलं, या वयात दुकानात काय ठेवलंय तुझं? तर म्हणाली, "माझा एक डोळा ठेवलाय की तितं," आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही. मी तिला दुकानात नेत नव्हते, गॅसजवळही जाऊ देत नव्हते. ती उठली की मी उठायचे. "तू बस, मी करते." हे दोन शब्द, 'तू बस', माझ्या तोंडात कुठून आले ते तुम्हाला सांगायला नको.

मी आठवीत होते तेव्हा. आई दुपारी तुमचा डबा घेऊन यायची आणि बॅटऱ्यांना पाणी घालून मगच घरी जायची. ते काम तिचंच होतं, तुम्हीही त्यात हात घालत नव्हता. मला ते चित्र आत्ताही समोर दिसतं. फळीवर बॅटऱ्या ओळीनं मांडल्यात, एकीची वायर दुसरीला जोडलीय, चार्जर घुमतोय. आई एकेका बॅटरीच्या कुशीला तळहात लावते, तापलेल्या लेकराच्या पोटाला लावावा तसा. ऊब लागली की झाकणं काढते, चोचीच्या बाटलीनं पाणी सोडते आणि कान देऊन ऐकते. आत बारीक बुडबुडे चालू असतात, भाजीतलं पाणी आटत आल्यावर येतो तसा आवाज. पाणी वर आलं की तो आवाज बदलतो. "बास म्हणती ती," असं आई म्हणायची आणि पुढच्या बॅटरीकडं सरकायची. तिच्या सगळ्या लुगड्यांना पोटापाशी भोकं होती. बाया हसायच्या. ती म्हणायची, जाळीचं लुगडं हाय, शहरात लई भाव हाय याला.

त्या दिवशी एका जीपची बॅटरी ओळीच्या टोकाला होती. आई वाकली, झाकणाला हात लावला आणि सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तुम्ही तिला ओढत ड्रमपाशी नेता. बादलीवर बादली ओतता तिच्या तोंडावर. बरोबरच होतं ते, ॲसिड धुवायलाच हवं होतं. पण नंतर आई "बास, बास, श्वास कोंडलाय" म्हणतेय आणि तुम्ही थांबत नाही. शेजारच्या पंक्चरवाल्यानं तुमच्या हातातली बादली हिसकून घेतली तेव्हा थांबलात. मग अंबाजोगाईचा दवाखाना, मग पट्टी, आणि पट्टी निघाल्यावर कळलं की एक डोळा गेला. घरी आल्यावर तुम्ही पहिल्यांदा दुकानात जाऊन चार्जरसमोर उभे राहिलात. मी तुमच्या मागे होते. तुम्ही नॉबकडं बघून म्हणालात, "म्या जास्त ठेवलता." एवढंच. त्या दिवसाबद्दल त्यानंतर तुमच्या तोंडून एक शब्द आला नाही.

त्यानंतर आपलं घर बदललं. तुम्ही पहाटे उठून पाणी भरायचात, चूल पेटवायचात, भाकरी थापायचात. भाकरी तुम्हाला कधीच जमली नाही. आई ताटातली भाकरी उचलून म्हणायची, "भाकर हाय का टायर हाय ही? रिमवर चढवा अन् घाला जीपला." तुम्ही हसायचा नाही. ती उठली की "तू बस". तिनं झाडू हातात घेतला की "तू बस". पाहुणे आले, तिनं चहाला भांडं घेतलं, तुम्ही सगळ्यांसमोर ते तिच्या हातातून घेतलंत. पाहुणे वाखाणायचे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. आई मान खाली घालायची. एकदा मला शेंगा फोडता फोडता म्हणाली, "डालग्याखाली कोंबडी झाकत्यात तसं झाकलंय मला तुझ्या बापानं. दाणे टाकत्यात, पर वर दगड ठिवलाय." मला तेव्हा तुमचा राग आला नव्हता, तिचाच आला होता. एवढं करतोय माणूस, असं वाटलं होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी तुम्ही तिला म्हणालात, चल दुकानात, दोन बॅटऱ्या हायत, पाणी घाल. तिनं कोणतं लुगडं नेसलं होतं तेही मला आठवतं, जाळीचंच. तेव्हापासून तिचा तो वार ठरला. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, फळीपासून लांब, दोन बॅटऱ्या तिच्यासाठी पुसून ठेवलेल्या असायच्या. ती यायची, पाणी घालायची, झाकणं लावायची, पदराला हात पुसून जायची. मला वाटलं, आप्पा सावरले.

माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले. तुम्ही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलंत आणि माझ्या हातात टेस्ट लॅम्प ठेवलात. इंडिकेटरचा बल्ब, सायकलच्या तारेचं टोक, आणि मुठीत बसेल अशी तुम्हीच कोरलेली बाभळीची मूठ. रात्रीतून बसून केला असणार, कारण मूठ माझ्या हाताच्या मापाची होती. आजही तो खिळ्याला आहे. मी डिजिटल मीटर वापरते, पण वायरीत करंट आहे का हे आधी त्या दिव्यालाच विचारते. आणि त्याच महिन्यात तुम्ही मला ओरडलात, आयुष्यात एकदाच. मी उत्साहानं कोपऱ्यातल्या त्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीला चार्जरच्या क्लिपा लावल्या होत्या. सुई हललीच नाही. मी क्लिप घासून पुन्हा लावायला वाकले तोच मागून तुमचा आवाज आला, "त्या कोपऱ्याकडं बघू बी नको!" हातातला पाना खाली पडला माझ्या. मला वाटलं, तुम्हाला आईचा तो दिवस आठवला. मी पुन्हा त्या कोपऱ्याकडं गेले नाही आणि सुई का हलली नाही याचा विचारही केला नाही.

तर परवाची गाडी. गाडीवाला फळांचा धंदा करतो. सीताफळं, मोसंबी, पेरू भरून पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत बाजार गाठतो. त्याच्या चाचाच्या टेंपोचं वायरिंग तुम्ही केलं होतं म्हणे. "वालिदसाबांच्या हाताचं हाय, अजून एक बल्ब गेला न्हाई," म्हणाला. त्याच्या गाडीत ब्रेकचा दिवा लागत होता. तुमच्या काळी गाडीत असला प्रकार नव्हता; आता ब्रेकला, इंजिनाला, दारांना सगळ्यांना छोटे छोटे संगणक असतात, मॉड्यूल म्हणतात त्यांना. काही बिनसलं की ते आपली तक्रार कोडमध्ये लिहून ठेवतं आणि स्कॅनर लावला की वाचता येते. याच्या ब्रेकच्या मॉड्यूलची तक्रार होती, बॅटरीचा व्होल्टेज जास्त येतो. फार जास्त आला की ते मॉड्यूल स्वतःला वाचवायला काम सोडून देतं आणि दिवा लावून बसतं. तुम्ही हेच बल्बावरून ओळखायचा. हेडलाइट पांढराफटक पडला, हॉर्न किंचाळला, की म्हणायचा, ही गाडी बॅटरीला जास्त पाजतीय.

"दोन बॅटऱ्या बदलल्या, ताई," फळवाला सांगत होता. "आता तिसरा मिस्तरी म्हनतो, मॉड्यूलच बदला. म्या म्हनलं, बे, त्यापरीस गाडीच बदलतो की, आन तुला बी."

मी मीटर लावला. गाडी बंद असताना बारा-साडेबारा, ठीक. चालू केल्यावर चौदाच्या जरा वर, ठीक. हेडलाइट लावले, पंखा लावला, रेस वाढवली, आकडा हलेना. कोड पुसला, तो परत येईना. आणि वास तर येतोय, बॅटरीची कूस तर तापलेली. ताप आहे आणि आजार सापडत नाही, असं झालं. शेवटी मी त्याला शेजारी बसवून गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला काढली, मीटर डॅशबोर्डवर ठेवून. तो गुडघ्यांवर हात ठेवून मास्तरांसमोर बसल्यासारखा बसला होता. साखर कारखान्याकडं निघालेल्या ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर पुढे होते, हळूहळू जात होतो, आकडा चौदावर खिळलेला. मी सहज विचारलं, "रोज एवढं गप्प बसून चालवता?"

तो लाजला. "न्हाई ताई. गाणे लावतो. एकदम फुल."

"मग आज?"

"तुमच्यासमोर कसं लावायचं? बरं दिसतं का?"

"त्या तिघांसमोर लावली होती?"

"आँ? मिस्तरी काम करतोय आन आपण गाणे लावायचे? अदब हाय की नाही?"

मी म्हटलं, लावा. फुल लावा. त्यानं बिचकत बटण दाबलं आणि मागच्या पेट्यांमधून असा दणका सुरू झाला की काचा थरथरायला लागल्या. मीटरचा आकडा हलला. पंधरा. साडेपंधरा. सोळाच्या पुढे गेला आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागला. त्यानं घाबरून गाणं बंद केलं, आकडा खाली आला. पुन्हा लावलं, पुन्हा चढला. "या अल्ला, गाण्यानं?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला गाडी लावून हसत बसलो.

गाण्यानं नव्हे, गाण्याची वायर जिथं जोडली होती त्यानं. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला ती किती भरलीय हे सांगणारी एक बारीक वायर असते. लाइट, पंखे यांचा तिच्याशी संबंध नसतो. तिनं फक्त निरोप पोचवायचा. कुणीतरी सोय बघून ती सोलली होती, तिच्यावरच ॲम्प्लिफायर जोडला होता आणि वरून टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत सांधा हिरवा पडलेला. गाणी वाजायला लागली की त्या वायरीवर ओढ यायची आणि पलीकडं खोटा निरोप जायचा, बॅटरी उपाशी आहे. मग अल्टरनेटर आणखी ओतणार. बॅटरी भरलेली, उकळायला लागलेली, बास म्हणतेय, पण ते पोचायची वाटच कुजलेली. तो बिचारा वाईट वागत नव्हता, आप्पा. त्याला उपाशीच दिसत होती ती.

फळवाला गेल्यावर तो कापून काढलेला हिरवा सांधा मी बराच वेळ हातात घेऊन बसले. मग घरी गेले आणि आईला म्हटलं, उद्या चल दुकानात.

पण भीती काही गेली नव्हती. म्हणून मी एक युक्ती केली. भंगारात काढलेली एक बॅटरी उचलली, ओल्या फडक्यानं पुसली, फळीवर ठेवली, तिच्यावर चार्जरच्या वायरी नुसत्या टाकून ठेवल्या. फुटायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. मला वाटलं, ही युक्ती माझी.

आई आली. मी तिला डोळ्यांवर घालायचा मोठा चष्मा दिला. "मोटारसायकलवर बसवणार हाईस का मला?" म्हणाली, पण घातला. फळी चाचपली. भोकांवरून बोटं फिरवली. मग बॅटरीच्या कुशीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिनं झाकण काढलं, थोडं पाणी सोडलं, कान दिला. मग सावकाश झाकण परत लावलं.

"भंगारातली हाय ही."

"न्हाई गं, कालच आलीय चार्जिंगला."

"गार पडलीय. आत काय बोलंना." तिनं हात पदराला पुसले. "तुझा बाप बी असंच करायचा. त्या कोपऱ्यात दोन ठिवायचा. पुसून, नटवून. म्या बाजाराच्या दिवशी यायची, दगडाला पाणी घातल्यावानी घालायची अन् जायची."

"तुला कळत होतं? मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? त्यांला वाटायचं मी रमती. म्या म्हनलं, रमू दे त्यांला. त्या दिशी रात्री त्यांला झोप लागायची."

"आणि फुटली त्या दिवसाचं? ते म्हणाले होते, मी नॉब जास्त ठेवला होता."

"ते तर कितींदा सांगितलं मी! त्या जीपचीच खोड हुती. बॅटरी उकळून उकळून सुकवून आणलती जीपवाल्यानं. झाकणाला हात लावायच्या आदी वास आलता मला, तरी मीच वाकले. तुमच्या चार्जरचं त्यात काय न्हाई, म्हनलं. तर ऐकायचेच न्हाईत. मी तोंड उघडलं की उठायचे, घागर घ्यायचे अन् पाण्याला जायचे. घरात समद्या घागरी भरलेल्या, आन ह्यो बाबा चाललाय पाण्याला."

खरं काय होतं ते आता कोणत्याही मीटरनं मोजता येणार नाही. जीपचा दोष होता की नॉबचा, मला माहीत नाही, आणि तुमचं मन राखायला मी खोटं लिहिणार नाही. पण तिनं तुम्हाला निरोप धाडला होता, पुन्हा पुन्हा धाडला होता, हे माहीत आहे. तो तुमच्यापर्यंत पोचला नाही. तिला पाणी, भाकरी, चहा, 'तू बस', सगळं ओतत राहिलात आणि ती भरल्या घरात आतून सुकत गेली. आणि तिनंही तुमच्या खोट्या बॅटऱ्यांना वर्षानुवर्षं पाणी घातलं. दोघांनी एकमेकांसाठी केलं आणि दोघांनाही ते मिळालं नाही. तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यात मी दुकान आवरलं. भंगारवाल्यानं त्या दोन बॅटऱ्या उचलल्या तेव्हा त्या काठोकाठ भरलेल्या होत्या, सगळं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. तो शिव्या देत होता. आई दारात उभी होती आणि रडत होती. मला वाटलं, तुमच्यासाठी रडतेय. तुमच्यासाठीच रडत होती, पण का ते मला आत्ता कळलं.

"दे आता खरी," आई म्हणाली.

मी चार्जर बंद केला, प्लग काढला, दारं सताड उघडली, वाफ जाईपर्यंत थांबायला लावलं. तिनं सगळं ऐकलं. मग चार्जिंगवरून उतरवलेल्या बॅटरीच्या कुशीला हात लावला आणि तिचं तोंड, आप्पा, ते तुम्ही बघायला हवं होतं. पाणी सोडताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. माझा हात सगळा वेळ मी तिचं तोंड आणि बॅटरी यांच्या मध्ये धरून ठेवला होता. तिनं तो एकदा बाजूला सारला, मी पुन्हा धरला. शेवटी तिनं तो तसाच राहू दिला. "बास म्हणती," असं म्हणून झाकण लावलं.

आज रविवार, दुकान बंद आहे. दुपारपासून हे लिहितेय. हे कुठं टाकायचं नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. एकदा वाटलं, निदान आईला वाचून दाखवावं. तेही करणार नाही. ती मघाशी भिंत धरत आली, कागदाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघायला लागली, काय लिहितीस म्हणाली. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं बिल.

"लई लांबलं गं बिल," म्हणाली. थोडा वेळ माझ्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहिली, आणि मग चहा टाकते म्हणून आत गेली. लायटर दोनदा वाजला. मी उठले नाही.